शाळकरी मुलांमधलं व्हिटॅमिन डी आणि वजन

५ ते १८ वर्षांच्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व किती आहे आणि त्यांच्या अंगावर चरबी किती आहे, यांचा एकमेकांशी संबंध आहे. लठ्ठ मुलांमध्ये डी सरासरीने कमी असतं हे बऱ्याच देशांत दिसलंय. त्यावरून "डी कमी पडलं म्हणून पोरगं सुटलं" असं घरोघरी बोललं जातं, पण गणित बहुतेक उलटं आहे, वजन वाढतं म्हणून डी उतरतं.

उन्हातले यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण कातडीवर पडले की डी तयार होतं, लिव्हरमध्ये त्याचं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं (लॅबच्या रिपोर्टवर छापलेला आकडा तो हाच) आणि मग किडनीत त्याला शेवटचं, कामाचं रूप येतं. आता डी हे चरबीत विरघळणारं, त्यामुळे अंगात चरबी जास्त असली की ते तिथेच मुरून बसतं, शिवाय शरीरच मोठं म्हटल्यावर तेवढंच डी जास्त जागेत पातळ होतं. २००० साली छापलेल्या एका अभ्यासात लठ्ठ आणि सडपातळ मोठ्या माणसांना सारखेच किरण दिले, कातडीतला कच्चा माल दोघांचा सारखाच होता, तरी लठ्ठ लोकांच्या रक्तातली वाढ ५७ टक्के कमी भरली! पुढे २०१३ मध्ये सुमारे ४२ हजार लोकांची जनुकं तपासली, तेव्हाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) वाढवणाऱ्या जनुकांमुळे डी घटतं हे दिसलं, पण डी कमी ठेवणाऱ्या जनुकांमुळे वजन वाढतं असं काही दिसलं नाही. म्हणजे डीच्या गोळीने मूल बारीक होईल ही आशा सोडलेली बरी.

बारीक मुलं यातून वाचली असंही नाही हां. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांमध्ये डी रक्ताच्या दर मिलिलिटरला १२ नॅनोग्रॅमच्या खाली निघालं (२० च्या वर असलं की पुरेसं धरतात). एवढं ऊन असलेल्या देशात! आपल्याकडे मुलांना सकाळचं कोवळं ऊन दाखवायची पद्धत आहे, पण त्यात यूव्हीबी फारच थोडं असतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ते ऊन कामाचं, म्हणजे साधारण ११ ते ३, आणि तेव्हा पोरं वर्गात बसलेली असतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते.

या वयाला रोजची गरज ६०० युनिट धरतात, लठ्ठ मुलाची कमतरता भरून काढायला दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो. मेडिकलमध्ये मिळणारं ६० हजार युनिटचं सॅशे म्हणजे १०० दिवसांचा कोटा एका ग्लास दुधात, त्यामुळे शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून ते दर आठवड्याला महिनोन्‌महिने पाजत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, किडनीला त्रास असं सगळं मागे लागू शकतं.