अंदाजाने फोकस

समोरची वस्तू किती अंतरावर आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे आणि तो आकडा भिंगाच्या कड्यावर लावायचा, या पद्धतीला अंदाजाने फोकस करणे म्हणतात. जुन्या साध्या फिल्म कॅमेऱ्यांत याशिवाय उपाय नसतो. त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जवळचे-लांबचे सगळे सारखेच स्पष्ट दिसते. चूक कळते ती फिल्म धुतल्यावर.

१९२५ साली विक्रीला आलेला पहिला लायका असाच होता. अंतर मोजायचे तर वेगळा रेंजफाइंडर वर बसवावा लागे. भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर लायकात १९३२ मध्ये आला. छोटे कॅमेरे मात्र पुढेही अंदाजावरच चालले. हाइन्झ वास्के यांनी रचलेल्या रोलाय ३५ वर (१९६६) केवळ आकडे आहेत, तर ऑलिंपस ट्रिप ३५ वर माणसांची आणि डोंगराची चित्रे.

अंदाज किती चुकला तर चालेल, हे अॅपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाशाचे छिद्र, ठरवते. एफचा आकडा मोठा, तर छिद्र लहान. ४० मिमी भिंग एफ/८ वर ठेवून ३ मीटरचा फोकस लावला, तर साधारण २.१ ते ५.५ मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. इथे अर्धा मीटर इकडेतिकडे सहज खपतो. तेच भिंग एफ/३.५ वर उघडून १.५ मीटरवरचा चेहरा टिपायचा, तर हाती जेमतेम ३० सेंटिमीटर उरतात. म्हणून सराव करायचा तो १ ते ३ मीटरच्या पट्ट्यात. उन्हात, लांबच्या दृश्यासाठी, डोळ्यांना फार शिणवण्याची गरज नाही. शंका असेल तर थोडे कमी अंतर लावावे, कारण स्पष्ट पट्टा फोकसच्या अलीकडे कमी आणि पलीकडे जास्त पसरतो. अगदी जवळून मात्र हा फरक जवळपास नाहीसा होतो.

मोजण्यासाठी आपली जुनी मापे अजूनही उत्तम. दोन्ही हात आडवे पसरले की होणारी वाव जवळपास आपल्या उंचीइतकी भरते. ‘मी इथे आडवा झालो तर तिथवर पोचेन का?’ हा प्रश्न आकड्यापेक्षा लवकर सुटतो. घरात दोन फुटी लाद्या मोजाव्यात. चौकटही मदतीला येते: ४० मिमी भिंगाचा कॅमेरा आडवा धरल्यावर उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत नेमका मावला, की तो सुमारे ३ मीटरवर असतो, कंबरेपर्यंतच दिसला, तर दीड मीटरच्या आसपास. रस्त्यावर फोटो काढताना ही खूण सगळ्यांत भरवशाची, कारण कडे आधीच लावून ठेवता येते आणि माणूस त्या मापात येईपर्यंत थांबता येते.

अंतर फिल्मच्या पातळीपासून धरायचे असते, भिंगाच्या तोंडापासून नव्हे. हाताने जमवायच्या फ्लॅशसाठीही हेच अंतर लागते: गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) भागिले अंतर म्हणजे अॅपर्चर, म्हणून तो २० असेल तर २.५ मीटरला एफ/८. तिथे अंदाज चुकला की फोकस आणि उजेड दोन्ही बिघडतात.

अंदाज बरोबर असूनही सगळे फोटो धूसर येत असतील, तर कड्यावरच संशय घ्यावा. ज्या कॅमेऱ्यांत फोकससाठी भिंगाचा फक्त पुढचा भाग फिरतो, तिथे दुरुस्तीनंतर तो थोडा सरकून बसलेला असू शकतो. रिकाम्या कॅमेऱ्याचे मागचे दार उघडावे, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावावा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहते) उघडे धरावे, अॅपर्चर पूर्ण उघडावे आणि कडे अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर, ठेवावे. दूरची इमारत कागदावर रेखीव उमटली, तर आकडे खरे आहेत.