अर्धा मायक्रॉन की अर्धा सेंटिमीटर? पेरोव्हस्काइटची दोन कामे

सौरघटात पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाचा जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा थर पुरतो. गॅमा किरण मोजण्यासाठी ते अडवायला मात्र त्याच कुळातला स्फटिक काही मिलिमीटर जाड लागतो. रचना दोन्हीकडे तीच: शिशाचा अणू, त्याभोवती सहा हॅलाइड (आयोडाइड किंवा ब्रोमाइड) आणि मधल्या पोकळीत सिझियम किंवा मिथिलअमोनियम हा सेंद्रिय आयन. जाडी बदलली की अडचणी मात्र पार बदलतात.

२००९ मध्ये जपानमध्ये संशोधक मियासाका यांच्या गटाने बनवलेल्या पेरोव्हस्काइट सौरघटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. यातला बराचसा फरक थर नीट जमण्याने पडला. लेड आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड समान मोल घेऊन डीएमएफ व डीएमएसओ या द्रावकांच्या ४:१ मिश्रणात विरघळवतात. काचेवर थेंब टाकून ती मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरवतात आणि फिरत असतानाच वरून क्लोरोबेंझीन सोडतात. त्यामुळे द्रावण एकदम अतिसंपृक्त होते (विरघळलेला पदार्थ त्यात मावेनासा होतो) आणि असंख्य स्फटिककेंद्रे एकाच वेळी तयार होतात. सगळी मेख या क्षणात आहे. काही सेकंद उशीर झाला तर मोजकीच केंद्रे सुयांसारखी वाढतात, थर धुरकट होतो, मध्ये छिद्रे राहतात आणि तिथून घट शॉर्ट होतो. नंतर १०० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे तापवले की आरशासारखा काळपट थर मिळतो. जास्त तापवला तर मिथिलअमोनियम उडून जाते आणि मागे पिवळे लेड आयोडाइड उरते.

किरणमापनासाठी सिझियम लेड ब्रोमाइड उजवे. त्यात सेंद्रिय भाग नसल्याने ते न विघटता सुमारे ५६७ अंशांना वितळते, त्यामुळे बंद क्वार्ट्झ नळीत वितळवून सावकाश स्फटिक वाढवता येतो. थंड होताना साधारण १३० आणि ८८ अंशांना त्याची अंतर्गत रचना बदलते; तिथे घाई केली की स्फटिक तडकतो. शुद्धतेची अटही इथे कडक आहे, कारण विद्युतभाराला अर्ध्या मायक्रॉनऐवजी काही मिलिमीटर पार करायचे असतात. घटाला चालून जाणारा दोष इथे वाटेतच भार गिळतो.

माझ्या मते खरा शत्रू दोन्हीकडे एकच आहे: जागा सोडून सरकणारे हॅलाइड आयन. शोधकावर, म्हणजे किरण मोजणाऱ्या स्फटिकावर, शेकडो व्होल्ट दाब असतो, त्यामुळे तिथे हे सरकणे जास्त जाचते. गळतीचा प्रवाह हळूहळू बदलत राहतो आणि गॅमाचा बारीक स्पंद त्यात बुडतो. एका बाजूला सोने आणि दुसऱ्या बाजूला गॅलियम असे वेगवेगळे इलेक्ट्रोड लावले की ही गळती बरीच आटोक्यात येते.