दोन गावांच्या सावल्या आणि पृथ्वीचा परीघ

शाळा-कॉलेजच्या विज्ञान जर्नलमध्ये दरवर्षी एक चमत्कार घडतो. लंबक कसाही हलो, स्टॉपवॉच कुणीही दाबो, गुरुत्वत्वरण ९.८ येतेच. उत्तर आधीच ठाऊक असते, मग निरीक्षणांचा तक्ता खालून वर भरला जातो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण गुण ९.८ लाच मिळतात.

त्यामुळे नववीच्या वर्गासाठी मला असा प्रयोग आवडतो, ज्यातले अर्धे आकडे दुसऱ्याच गावातल्या मुलांच्या हातात असतात. एक शाळा नाशिकची, दुसरी कोल्हापूरची. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. नाशिकचे अक्षांश २०, कोल्हापूरचे १६.७. दोन्हीकडे पटांगणात एक मीटरची काठी उभी करायची आणि एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजायची. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढायला केले ते हेच. त्याला दोन गावांच्या कोनांत वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंशांचा फरक मिळाला होता. आपल्याला ३.३ अंशांवर भागवायचे आहे.

पहिला धक्का घड्याळ देते. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असे मुले गृहीत धरून असतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक-कोल्हापूर मात्र ७४ च्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे इथली मध्यान्ह सरासरी साडेबारानंतरच होते. तीही एका जागी थांबत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सव्वाबाराच्या सुमारास येते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाऊण वाजण्याच्याही पुढे सरकते. तेव्हा बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खडूने सावलीचे टोक टिपायचे. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची.

दिवस कोणता निवडावा? शून्य सावलीचा दिवस मोहात पाडतो, पण आपल्याकडे तो मे महिन्यात सुट्टीत येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांत. २२ डिसेंबरच्या आसपासचा कोणताही दिवस उत्तम. आकाश स्वच्छ असते आणि सावल्या लांब पडतात. नाशिकला सुमारे ९४.६ सेंटिमीटर आणि कोल्हापूरला ८४.२ सेंटिमीटर यायला हवी. हे आकडे शिक्षकांनी आपल्या खिशात ठेवावेत, फळ्यावर लिहू नयेत. मुलांनी आपली सावली शाईने लिहून झाल्यावरच दुसऱ्या शाळेला फोन लावायचा.

त्रिकोणमिती झाली नसेल तर कागदावर दहापट लहान त्रिकोण काढून काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन कोनमापकाने मोजता येतो, फक्त तो अर्ध्या अंशापलीकडे नेमका वाचता येत नाही. दोन कोनांच्या वजाबाकीने ३६० ला भागायचे आणि दोन गावांमधल्या दक्षिणोत्तर अंतराने, म्हणजे सुमारे ३६५ किलोमीटरने गुणायचे. हे अंतर नकाशावरून घ्यावे. एसटीच्या तिकिटावरचे चालणार नाही, कारण रस्ता वळणे घेत जातो.

उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास यायला हवे. येईल ३५,००० किंवा ४६,०००, आणि खरा तास इथून सुरू होतो. काठी दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे एक अंश कलली, तर सावली पावणेदोन सेंटिमीटरने बदलते आणि परीघ सहा-सात हजार किलोमीटरने चुकतो. गवंड्याचा ओळंबा मागून आणावा लागतो तो यासाठी. शिवाय सावलीचे टोक धूसर असते. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे ते टोक दीड सेंटिमीटरहून जास्त पसरते. त्यातला कोणता बिंदू धरायचा? एका सेंटिमीटरचा घोळ झाला तरी परीघ साडेतीन-चार हजारांनी हलतो. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवायचा. मग सावलीत सूर्याची प्रतिमा पडते, तिचा मध्य धरायचा आणि उंची भोकापर्यंत मोजायची. हा उपाय आधी सांगून टाकू नये. दोन गटांची भांडणे होऊ द्यावीत.

एखादी हुशार मुलगी विचारेलच: यावरून पृथ्वी गोल आहे हे कुठे सिद्ध झाले? तिचे म्हणणे बरोबर आहे. पृथ्वी सपाट आणि सूर्य जेमतेम काही हजार किलोमीटर उंचीवर मानला, तरी या दोन सावल्या अचूक जुळतात. सूर्य खूप दूर आहे, त्याचे किरण समांतर येतात, हे आपण गणितात गुपचूप आधीच घातलेले असते.

निकाल लावायला तिसरी शाळा हवी, तीही लांबची. २० मार्चच्या आसपास, विषुवदिनी, नाशिकची सावली ३६.४ आणि कोल्हापूरची ३० सेंटिमीटर येते. सपाट पृथ्वीच्या हिशेबाने श्रीनगरला ती सुमारे ६३.७ सेंटिमीटर भरायला हवी, गोल पृथ्वीच्या हिशेबाने ६७.७. या चार सेंटिमीटरांचा निवाडा ओळंबा आणि भोकाचा पुठ्ठा वापरणारी शाळकरी मुलेही करू शकतात. श्रीनगरला ढग असतील तर जम्मू चालेल, फरक तिथे तीन सेंटिमीटरांवर येतो. मार्चमध्ये वार्षिक परीक्षेची धांदल असते हे खरे, पण काम दुपारच्या तासाभराचेच आहे.