गडचिरोलीच्या तालुक्यांखालचा जुना जमीनदारी नकाशा

चामोर्शी तालुक्यात शेजारशेजारच्या दोन गावांना वेगवेगळा कायदा लागू असू शकतो. एका गावची ग्रामसभा पेसाखाली, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, गौण वनोपजाचा ठराव करते, तर बांधापलीकडच्या गावाला तो अधिकार नसतो. तालुका एक, तहसीलदार एक, मग असे का? उत्तर आजच्या तालुक्यांच्या नकाशात सापडत नाही. त्याच्या खालचा जमीनदारीचा नकाशा पाहावा लागतो.

आधी भूगोल. जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, उत्तर-दक्षिण लांबट, आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक जंगलाचा. पश्चिमेची सीमा वैनगंगा. चपराळ्याजवळ ती वर्धेला मिळाली की पुढे प्राणहिता होते आणि सिरोंच्याशी गोदावरीत जाते. गोदावरीच्याच काठाने पूर्वेकडे सरकले की सोमनूरला इंद्रावतीचा संगम लागतो. नद्यांनी तिन्ही बाजू अशा बांधल्यामुळे कचेऱ्या आणि बाजारपेठा नदीकाठी किंवा मैदानी पश्चिमेला वाढल्या. धानोरा, एटापल्ली, भामरागडचा डोंगराळ पूर्वभाग मात्र कायम कचेरीपासून दूर राहिला. आजही पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि भामरागड तुटते. म्हणून तिथल्या रेशनचे धान्य पावसाळ्याआधीच पोचवून ठेवावे लागते.

सिरोंच्याची कथा वेगळी आहे. हा मुलूख निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचे मुख्यालय झाले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा तहसील म्हणून चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडले गेले. त्याच तहसिलीतले नुगूर, अल्बाका आणि चेर्ला हे तालुके विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास इलाख्यात गेले. सिरोंच्याच्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू का चालते, हे यावरून कळते. नदी ओलांडली की तेलंगणच.

उरलेल्या जंगलपट्ट्यात खरी सत्ता जमीनदारांची होती. इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचे कागद त्यावरच उभे आहेत. मालगुजार हा गावाचा, फार तर काही गावांचा धनी. त्याने सारा भरायचा, गावाला तलाव राखायचा. वैनगंगेच्या बाजूचे माजी मालगुजारी तलाव हीच त्या व्यवस्थेची खूण. जमीनदार मात्र सबंध मुलखाचा, जंगलासकट. सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची. १८५८ मध्ये चांद्याला फाशी गेलेले बाबूराव शेडमाके याच भागातल्या मोलमपल्लीचे. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतल्या जमीनदाऱ्या वेगळ्या काढून गडचिरोली तहसील बनवली गेली. म्हणजे या तहसिलीचा जन्मच जमीनदाऱ्यांची मोट बांधून झाला.

आता चामोर्शीच्या कोड्याकडे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली पुढच्या वर्षी ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रां’ची यादी निघाली. तिच्यात अहेरी जमीनदारी आली, शिवाय गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, खुटगाव, कोटगल, मुरमगाव, पळसगड, रांगी, सोनसरी, चांदाळा, गिलगाव, पावीमुरांडा, पोटेगाव वगैरे जमीनदाऱ्या आल्या. मालगुजारी गावे बाहेर राहिली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचे आदिवासी क्षेत्र (अनुसूचित क्षेत्र) ठरवताना हीच चौकट उचलली गेली आणि १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती नव्या तालुक्यांच्या भाषेत मांडली. एटापल्ली, सिरोंचा, अहेरी, धानोरा आणि कुरखेडा या तहसिली पूर्ण घेतल्या. गडचिरोली, आरमोरी, चामोर्शीतली मात्र नावानिशी गावेच घेतली. पेसा कायदा १९९६ चा आणि राज्याचे नियम २०१४ चे असले, तरी ते लागू कुठे होतात हे या आदेशावरून ठरते. गावाचा धनी मालगुजार होता की जमीनदार, या जुन्या प्रश्नाचे पडसाद आजच्या ग्रामसभेत असे उमटतात.

इथे नेहमी घोटाळा होतो. भामरागड आणि कोरची हे तालुके नंतर अनुक्रमे एटापल्ली आणि कुरखेड्यातून निघाले, त्यामुळे आदेशात त्यांची नावे मिळत नाहीत. नाव नाही म्हणजे क्षेत्र नाही, असे समजू नये. गाव आदेशाच्या काळातल्या तहसिलीत शोधावे. गावाचे लेखन जुन्या यादीत वेगळे असेल, तर पटवाऱ्याच्या दप्तरातले जुने नावही जुळवून पाहावे.

३१ मार्च १९५१ ला मध्य प्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली. कुळाच्या दृष्टीने ती सुटका होती, पण जंगलाच्या बाबतीत गावाच्या हातून बरेच निसटले. जमीनदाराच्या जंगलातून इमारती लाकूड, जळण, बांबू, चराई यांचा निस्तार, म्हणजे गावाचा गरजेपुरता वापर, पूर्वी रिवाजाने चाले. जंगल सरकारजमा झाल्यावर ते राखीव किंवा संरक्षित ठरत गेले आणि रिवाजाची जागा परवान्याने घेतली. गावाने कुठून काय घ्यायचे याची नोंद निस्तार पत्रकात, आणि पाणी, वाट, मासेमारी अशा वहिवाटींची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना अनुक्रमे कलम १६१ आणि १६५ खाली आजही स्थान आहे. अनेक गावांत हे कागद वर्षानुवर्षे कुणी उघडले नव्हते.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पण सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूरच गाठावे लागे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तरी नव्या मुख्यालयापासूनही सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणून पुढे तालुके वाढवत बारा केले गेले.

जुन्या कागदांना खरी किंमत आली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. जंगलावरच्या गावाच्या सामूहिक दाव्याला किमान दोन पुरावे लागतात आणि निस्तार पत्रक त्यातला सर्वांत भक्कम. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

दावा मुख्यतः तीन ठिकाणी अडतो. पहिले, ग्रामसभेची पातळी. एका ग्रामपंचायतीत अनेक टोले (छोट्या वस्त्या) असतात. ठराव पंचायतीच्या ग्रामसभेत झाला आणि दावा एका टोल्याचा असला, तर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत प्रश्न उठतो. सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. सह्यांचे पान ठरावाला जोडलेले हवे. दुसरे, नकाशा. वनविभाग कक्ष (जंगलाचा आखलेला तुकडा) क्रमांकाने बोलतो, महसूल सर्व्हे क्रमांकाने. एकाच तुकड्याचे दोन्ही क्रमांक समोरासमोर लिहिले नाहीत, तर क्षेत्र जुळत नाही आणि फाइल परत येते.

तिसरी अडचण सीमेची. गावाची परंपरागत हद्द नाला, टेकडी, देवाचे ठाणे यांवर ठरलेली असते आणि ती महसुली शिवेबाहेर जाते. शेजारच्या गावाचाही त्याच जंगलावर निस्तार असतो. दावे एकमेकांवर आले, तर दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचे. ग्रामसभांना तोडगा काढता आला नाही, तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. म्हणून मोजणीच्या दिवशीच शेजारगावची माणसे शिवेवर बोलवावीत, दोन्हीकडच्या जुन्या निस्तार पत्रकांच्या नकला सोबत ठेवाव्यात आणि नाल्यापर्यंत कोण, टेकडीपासून कोण, हे तिथेच पंचनाम्यात लिहून घ्यावे.