खुरपं, सुपली आणि बोटीचा दुसरा नांगर

सोलापुरात बसून समुद्रातल्या नांगरावर लिहितोय म्हणून हसू नका. नांगर आणि माती हा मामला मुंबईपेक्षा आमच्याकडेच जास्त कळतो. माझ्या भाच्याने मुंबईत मित्रांसोबत एक जुनी ३६ फुटी शिडाची बोट घेतली आहे. परवा त्याचा फोन आला, "मामा, बोटीला दुसरा नांगर घ्यायचाय. पहिल्यापेक्षा जडच बघू ना?"

बहुतेकांचा हाच समज असतो, की नांगर वजनाने बोट धरतो. तसं असतं तर दोराला धोंडा बांधून भागलं असतं. नीट रुतलेला १५ किलोचा नांगर शेकडो किलोंची ओढ सोसतो. ही ताकद लोखंडाची नसते, मातीची असते. फाळ आत शिरला की त्याच्या पुढचं अख्खं ढेकूळ सरकवल्याशिवाय तो हलू शकत नाही, आणि मातीचे थर एकमेकांवरून घसरायला तयार नसतात.

मी गच्चीवर घमेल्यात काळी माती भिजवली आणि खुरप्याच्या मुठीला सुतळी बांधली. सुतळी मातीला लागून आडवी ओढली तर पातं आत घुसत गेलं, जितकं ओढावं तितकं खोल. तीच सुतळी वर उचलून ओढली तर खुरपं पटकन उपटून हातात आलं. सगळी गंमत या कोनात आहे. तळापासून बोटीच्या नाकापर्यंतच्या ३ मीटर उंचीला ९ मीटर दोर सोडला तर तो तळाशी जवळजवळ २० अंशांचा कोन करतो, २१ मीटर, म्हणजे उंचीच्या सातपट, सोडला तर फक्त ८ अंशांचा.

साखळी मात्र वजनाने झोल खाते आणि नांगराजवळ आडवी पडते. हा झोल माझा आवडता विषय, थोडं गणित सोसा. पाणी ५ मीटर, बोटीचं नाक पाण्यावर १ मीटर, म्हणजे उंची ६. साखळी १० मिलिमीटरची, पाण्यात मीटरला साधारण २ किलो भरते. वारा ५० किलोंच्या जोराने बोट ढकलतोय. ५० भागिले २, म्हणजे २५. त्याची दुप्पट ५०, त्यात ६ मिळवा, ५६. त्याला ६ ने गुणा, ३३६. वर्गमूळ साधारण १८. नांगराशी साखळी आडवी राहायला किमान १८ मीटर हवी. आता वारा दुप्पट झाला. जोर वाऱ्याच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो २०० किलो. हेच गणित पुन्हा केलं तर ३५ मीटर येतात. भाचा इथे म्हणाला, "मामा, रेंज जातेय."

रेंज आल्यावर त्याला टेलरसाहेबांची गोष्ट सांगितली. जी. आय. टेलर हे केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ, प्रवाहांच्या खळबळीवर मूलभूत काम केलेले, आणि हौसेने शिडाची बोट चालवणारे. त्यांनी १९३३ मध्ये नवा नांगर काढला, त्याचं नाव सीक्यूआर. त्याचा फाळ बघाल तर उसाची सरी पाडायचा आपला रिजरच! फरक एवढाच की रिजर पुढे जायला हवा आणि हा जागेवर थांबायला हवा. अगदी मऊ चिखलात मात्र तोही सरी पाडत निघतो.

भाच्याच्या बोटीवर पहिला नांगर याच जातीचा आहे, आणि मुंबई बंदराचा तळ म्हणजे बहुतेक चिखल. मी घमेल्यात आणखी पाणी ओतलं. पातळ गाऱ्यात खुरपं सुरीसारखं सरकलं, पण पत्र्याची सुपली रुतवून ओढली तर ती अडून बसली. चिखलात पात्याची रुंदी कामाला येते. म्हणून दुसरा नांगर वेगळ्या जातीचा हवा. डॅनफोर्थ पद्धतीचा, दोन रुंद चपटे फाळ असलेला, तोही अॅल्युमिनियमचा. ५ ते ७ किलोंत काम होतं. काहींत फाळांचा कोन बदलता येतो, वाळूत साधारण ३० अंश, चिखलात ४५. त्याची खोड अशी की वारा फिरला आणि तो उपटला, तर फाळांत शिंपला अडकून पुन्हा रुतत नाही. म्हणून तो दुसराच बरा.

जाहिरातींत किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत नांगर ओढून दाखवतात, त्यावर जाऊ नका. भाच्याच्या मित्राने बोटीला लिंबू-मिरची बांधली आहे, आमच्याकडे ट्रॅक्टरला बांधतात तशी. बांधा, पण दर रविवारी लिंबू बदलता तेव्हा साखळीचे शॅकलही, म्हणजे जोडाच्या कड्याही, बघत जा.

या दुसऱ्या नांगराला सगळी साखळी नको. ४-५ मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर, तो ताणला जाऊन हिसके पचवतो. लांबी मोजताना भरतीचं पाणी धरायचं. ओहोटीला ४ मीटर पाणी असेल तिथे मुंबईत भरतीला ८ होऊ शकतं. नाकाचा १ मीटर मिळवला की सातपटीने ६३ मीटर दोर लागतो, ओहोटीच्या हिशोबाने येणारे ३५ नाही. बोट गाळात बसली तर हाच नांगर छोट्या होडीत घालून खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि दोर ओढून बोट सोडवायची. ४० किलोंचं धूड होडीत कोण चढवणार, एवढंच मी भाच्याला विचारलं.