जपानी पारंपरिक रंगभूमीचे संगीत

नो, बुनराकु आणि काबुकी हे जपानचे तीन प्रमुख पारंपरिक नाट्यप्रकार. तिन्हींत संगीतावाचून नाटक उभे राहत नाही. मात्र मराठी वाचकाने ‘नाट्यसंगीत’ या शब्दाची ओळखीची कल्पना थोडी बाजूला ठेवावी. आपल्या संगीत नाटकात पात्र पुढे येऊन पद गाते आणि ऑर्गन-तबला त्याला साथ करतात. जपानी परंपरेत पुष्कळदा अंग एकाचे असते आणि आवाज दुसऱ्याचा. म्हणून नवख्या विद्यार्थ्याने कथानकात शिरण्याआधी एवढेच पाहावे, की गाणारे-वाजवणारे बसले आहेत कुठे.

नो हा यांतला सर्वांत जुना प्रकार. कान्आमी (१३३३–८४) आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांत आशिकागा घराण्यातल्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, आश्रयाने त्याला आजचे रूप दिले. सुमारे सहा मीटर लांबी-रुंदीचा लाकडी रंगमंच, मागच्या फळीवर रंगवलेले एक पाइनचे झाड, आणि बाजूने येणारा पुलासारखा लांब मार्ग. याखेरीज नेपथ्य जवळजवळ नाहीच. वादक त्या पाइनपुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून उघड्यावर बसतात. ते चारच: नोकान ही बासरी, खांद्यावर धरायचे कोत्सुझुमी, मांडीवर धरायचे ओत्सुझुमी आणि काठ्यांनी वाजवायचे ताइको. ताइको सर्व नाटकांत नसते. बहुधा देव, राक्षस किंवा भुते येतात तेव्हा ते लागते. उजव्या बाजूला साधारण आठ जणांचा गायकवृंद असतो. मुख्य नट, म्हणजे शिते, स्वतः गातो खरा. पण नाचाच्या ऐन भरात त्याचेच शब्द, ‘मी’ म्हणत, हा वृंद गाऊ लागतो. मुखवट्याआडचा माणूस गप्प असतो आणि त्याचे मन आठ गळ्यांतून बोलते.

या वाद्यांची निगा पाहण्यासारखी आहे. दोन्ही त्सुझुमींना घोड्याचे कातडे असते, पण एकाला ओल हवी, दुसऱ्याला कोरडेपणा. कोत्सुझुमीवादक मधूनच वाद्य तोंडाशी नेऊन कातड्यावर वाफ सोडतो, मागच्या पुडीला कागदाचा बारीक ओला तुकडाही चिकटवतो. मग त्यातून ‘पोन्’ असा गोल, मऊ नाद निघतो. ओत्सुझुमीची कातडी प्रयोगाआधी कोळशाच्या धगीवर तापवून खणखणीत करतात. तिचा आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा टणक येतो आणि ती वाजवताना बोटांना कडक टोपणे घालावी लागतात. नोकानच्या नळीत तोंडाचे छिद्र आणि पहिले बोटाचे छिद्र यांच्यामध्ये आणखी एक अरुंद नळी बसवलेली असते. त्यामुळे जोराने फुंकले तरी वरचा सा नेमका सापडत नाही. हा दोष नव्हे, तसेच हवे असते. बासरी गायकाच्या सुरात सूर मिळवायला बसलेलीच नसते.

ठेका आठ मात्रांचा आणि त्यावर बहुधा सात-पाच अशा बारा अक्षरांची ओळ. मात्रा मोजायला टाळी नाही, तबलजीची समही नाही. तालवादक ‘यो’, ‘हो’ अशा लांबवलेल्या हाका देतात आणि त्या हाकांवरच सगळे एकमेकांना धरून राहतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलांना हसू येते, आणि ते साहजिकच आहे. पण ‘दोजोजी’ नाटकातला रानब्योशी हा भाग ऐकल्यावर हसू मावळते. तिथे बराच वेळ फक्त शिते आणि एकटा कोत्सुझुमीवादक समोरासमोर असतात. एक हाक, एक थाप, पायाची एक हालचाल. मग इतकी लांब शांतता की आता काय होणार म्हणून श्वास रोखला जावा.

बुनराकु ही बाहुल्यांची रंगभूमी, आणि ती ओसाकाची. ताकेमोतो गिदायू याने १६८४ मध्ये तिथे ताकेमोतो-झा हे नाट्यगृह काढले. चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) याने त्याच्यासाठी नाटके लिहिली. बाहुली तिघे मिळून चालवतात: एकाकडे डोके आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. आवाज मात्र एकाचाच. प्रेक्षकांच्या उजव्या हाताला पुढे आलेल्या मंचावर तायू हा निवेदक आणि शामिसेनवादक बसतात. म्हातारा, बाई, मूल, सामुराई, शिवाय मधले वर्णन हे सगळे तायू करतो. रडतो, खोकतो, खदखदून हसतो. पोटातून जोर यावा म्हणून तो कमरेला घट्ट पट्टा बांधतो. सुरुवातीला समोरची पोथी उचलून कपाळाशी लावतो. तालमीला पेटीच्या पाया पडणारा आपल्याकडचा गायक इथे सहज आठवावा. अंक लांबला, की मंचाचा तो भाग गर्रकन फिरतो आणि नवी जोडी समोर येते. पिंगुळीच्या चित्रकथीतही चित्रे एकीकडे आणि सर्व पात्रांचा आवाज निवेदकाचा, त्यामुळे कोकणातल्या प्रेक्षकाला ही मांडणी फारशी परकी वाटू नये.

शामिसेन हे तीन तारांचे वाद्य सोळाव्या शतकात र्‍युक्यू बेटांमार्गे जपानात आले. बुनराकुत त्याचा सर्वांत जाड दांड्याचा प्रकार वापरतात आणि तो मोठ्या, जड नखीने वाजवतात. नखी तारेबरोबर कातड्यावरही आदळते, म्हणून प्रत्येक स्वराला ठोक्याची धार येते. खर्जाची तार दांड्याच्या लाकडाला निसटता स्पर्श करते आणि स्वरामागे एक गुणगुण रेंगाळते. तिला सावारी म्हणतात. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास क्योतोत ओकुनी या नर्तकीने केली असे मानतात. १६२९ मध्ये स्त्रियांना मंचावर बंदी झाली आणि पुढे पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची ओन्नागाता ही कला तिथे घडली. बालगंधर्वांचे नाव घेऊन हे सांगितले, तर मराठी विद्यार्थ्याला चटकन कळते. फरक इतकाच की ओन्नागाता सहसा गात नाही. बुनराकुतून घेतलेल्या नाटकांत नट अभिनय करतो आणि त्याची घालमेल बाजूचा गायक गाऊन सांगतो.

बाकीचे वादक डावीकडे काळ्या पट्ट्यांच्या जाळीआड बसतात. त्यांना नट दिसतात, ते कोणाला दिसत नाहीत. मोठ्या ढोलावर ते पाऊस, लाटा, वारा वाजवतात, आणि बर्फही वाजवतात. बर्फ पडताना खरे तर काहीच ऐकू येत नाही. मऊ कापड गुंडाळलेल्या काठीने ढोलावर ‘दोन्, दोन्’ असे दबके ठोके पडू लागले, की प्रेक्षकाला थंडी वाजते. माझ्या मते काबुकी शिकवायला सुरुवात करायची तर याच आवाजापासून करावी. नट आवेशात गोठून उभा राहतो त्या क्षणाला मिए म्हणतात. तेव्हा उजव्या कोपऱ्यात बसलेला माणूस फळीवर लाकडी ठोकळे आपटतो आणि प्रेक्षागृहातून जाणकार नटाच्या घराण्याचे नाव ओरडतात. १८४० मध्ये प्रथम झालेले ‘कांजिंचो’ हे नाटक नोवरून घेतलेले. त्यात तोच रंगवलेला पाइन, पण त्याच्यापुढे लाल पायऱ्यांवर शामिसेन आणि गायकांची मोठी रांग.

ही वाद्ये आधी तोंडाने शिकतात. कोत्सुझुमीचे ‘पोन्, पु, चि, ता’, शामिसेनचे ‘चिन्, तोन्, शान्’. या पाठाला कुचि-शोगा म्हणतात, आणि तबल्याचे बोल पाठ केलेल्या मुलाला तो अर्ध्या तासात जमतो. जपानमध्ये २००२ पासून माध्यमिक शाळेत किमान एका पारंपरिक वाद्याची ओळख करून देणे अभ्यासक्रमात आहे. तोक्योचे राष्ट्रीय नाट्यगृह १९६६ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी तिथे विद्यार्थ्यांसाठी काबुकीचे परिचय-प्रयोग सुरू झाले. अशा प्रयोगात नाटकाआधी एखादा नट मंचावर येतो, फिरता रंगमंच फिरवून दाखवतो, आणि काळ्या जाळीआडून एकेक वाद्य वाजवून घेतो.