ड्रायसूट गळतोय, युरेथेन लावायचं की कॉन्टॅक्ट सिमेंट?

ड्रायसूट म्हणजे डाइव्ह करताना अंग कोरडं ठेवणारा सूट, आणि तो दुरुस्त करायची ही दोन्ही चिकटवणं छोट्याशा ट्यूबमध्ये मिळतात, दोन्हींवर ड्रायसूट, वेटसूटला (आत पाणी शिरू देणारा सूट) चालतं असं लिहिलेलं असतं, त्यात एकाच कंपनीची एकाच नावाची दोन भावंडं, अॅक्वासील एफडी आणि अॅक्वासील निओ, मग घोळ होणारच ना. एफडी म्हणजे युरेथेन, निओ म्हणजे कॉन्टॅक्ट सिमेंट, आणि दोघांची कामं इतकी वेगळी आहेत की एकाच्या जागी दुसरं लावलं तर वरवर छान दिसतं पण पुढच्या डाइव्हला पाय ओलाच.

आधी कॉन्टॅक्ट सिमेंट. सायकलचं पंक्चर काढताना आपण सोल्युशन लावतो, फुंकर मारत बसतो आणि वाळल्यावर पॅच दाबतो, तोच प्रकार समजा. यात रबर सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं, बहुतेक वेळा पॉलिक्लोरोप्रीन, म्हणजे निओप्रीनच, जे ड्युपाँ या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये 1930 मध्ये पहिल्यांदा तयार झालं. थर दोन्ही बाजूंना लावायचा, पातळ, वाळू द्यायचा, परत एक थर, परत थांबायचं. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा, चिकटल्यासारखी वाटली पाहिजे पण बोटाला काही लागून यायला नको, तेव्हाच जोडायचं. इथे घाई केली की सॉल्व्हंट आत अडकतो आणि जोड पिचपिचीत राहतो. एकदा टेकलं की सरकवता येत नाही म्हणून आधीच पेनने रेघ मारून ठेवा. आणि मग दाबायचं, जोर लावून, चमच्याच्या पाठीने घासून नाहीतर रोलर फिरवून, कारण इथे पकड येते ती दाबामुळे, तासन्‌तास वजन ठेवून नाही.

युरेथेन बरोबर उलटं. ते मधासारखं जाड असतं, एकाच बाजूला लावायचं, दाबायची भानगडच नाही, आणि ते सॉल्व्हंट उडून वाळत नाही तर हवेतली आर्द्रता घेऊन सेट होतं. त्यामुळे रात्रभर तरी हात लावायचा नाही. एकदम जाड थर ओतला तर सेट होताना आत गॅस तयार होऊन बुडबुडे राहतात, आणि बुडबुडा म्हणजे नवीन भोक, तेव्हा दोन पातळ थर बरे. उघडलेली ट्यूब याच आर्द्रतेमुळे आतल्या आत दगड होते, म्हणून हवा काढून झाकण घट्ट लावून फ्रीजरमध्ये ठेवतात (वापरायच्या आधी बाहेर काढून, नीट नॉर्मल झाल्यावरच झाकण उघडा, नाहीतर थंड ट्यूबवर पाणी धरतं आणि तेच आत जातं).

मग कुठे काय? दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवायचे असतील, म्हणजे सूटला जोडलेला बूट नवीन लावायचा, लेटेक्सचा मनगटाचा सील (पाणी अडवणारी घट्ट रबरी कड) बदलायचा, शिवणीवरची सुटलेली टेप परत बसवायची, तर कॉन्टॅक्ट सिमेंट. भोक, चीर, झिजलेली जागा बुजवायची असेल तर युरेथेन. ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाच्या) सूटची शिवण आधी शिवलेली असते आणि सुईच्या भोकांवर आतून टेप मारलेली असते, तिथे पिनहोल, म्हणजे टाचणीएवढं भोक, झालं तर आतल्या बाजूने युरेथेनचा पातळ पट्टा पुरतो. पण टेपच उचलली गेली असेल तर वरून युरेथेन थापून उपयोग नाही, खाली पाणी फिरतच राहतं. सिलिकॉनच्या सीलवर यातलं काहीच चिकटत नाही, तिकडे प्रयत्नही करू नका. आणि सुपरग्लू विसरा, तो कडक होतो, सूट वाकला की तडकतो.

बुटाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण मी तिथेच माती खाल्ली. घोट्याजवळ बुटाची कड सुटली होती, मी सरळ युरेथेन घेतलं आणि बाहेरून सगळीकडून गोल फासलं, एक सीझन मस्त गेला. मग बूटच बदलायची वेळ आली. जुनं कॉन्टॅक्ट सिमेंट हेअर ड्रायरने गरम केलं की मऊ पडतं आणि बूट हळूहळू सोलून निघतो, पण सेट झालेलं युरेथेन ढिम्म हलत नाही, ते खरवडताना कापडाचा वरचा थर पण निघायला लागला, आणि ते ठेवून वरून सिमेंट लावावं तर सिमेंट त्या गुळगुळीत थराला नीट धरत नाही. दोन संध्याकाळी नुसतं घासण्यात गेल्या. तळव्याला किंवा टाचेला भोक असेल तर युरेथेन खुशाल लावा, पण जिथे बूट सूटच्या पायाला जोडलेला आहे त्या पट्ट्यात नको.

दोन्हींच्या आधी साफसफाई सारखीच, काचपेपरने हलकं खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. लेटेक्सवर टाल्क असते ती तर पहिली काढा. खिडक्या उघड्या ठेवा आणि ग्लोव्हज घाला, सिमेंटचा सॉल्व्हंट पेट घेतो आणि डोकं धरतं, युरेथेनमधल्या आयसोसायनेटने दमा असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो.

आणि हो, ओलं कुठे झालं त्यावरून लीक ठरवू नका, पाणी आतल्या कपड्यातून झिरपत भलतीकडे पोचतं. सूट अंगातून काढून त्याची मान आणि मनगटं बाटल्या घालून बंद करा, सूट हलकाच फुगवा, शिवणीवरून साबणाचं पाणी फिरवा. बारीक बारीक फेस जिथे वाढत जाईल तिथे खडूने गोल करा आणि मगच ट्यूब उघडा.